भट्टी कधी उघडतोस?

हल्लायार्वी,
६ जून

प्रिय आउलिस,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी खुशाली तुझी मुलगी फोनवर ताइमीला सांगते आणि ताइमी जेवताना मला सांगते. त्यामुळे तुर्कूच्या तुमच्या गॅलरीत टोमॅटोला फुलं आली आणि लिफ्टमध्ये तू कुणाशी बोलत नाहीस, एवढं मला ठाऊक आहे. दोन्हींचं नवल वाटलं नाही.

पत्र आलं म्हणून लगेच कॉलर ताठ करू नकोस. मी तुला बोलावत नाहीये. गावाची एक बातमी आहे, ती तुला परक्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी लिहितोय. दोन उन्हाळ्यांपूर्वी तू हातमोजे खिळ्याला अडकवून निघून गेलास, ते अजून तिथेच आहेत. मी हलवले नाहीत. धूळ मात्र झटकलेली नाही, ते माझं काम नव्हे.

बातमी अशी. पोस्टमन लाउरीची धाकटी हेन्ना आठवते ना, सायकलवरून सारखी पडायची ती? ती आता पालिकेत पर्यटनाचं बघते. तिने येऊन सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यापासून भट्टीपुढे एकट्या माणसाने काम करायचं नाही, तसा नियम आहे. दोघं हवीत. दुसराही आपल्यातलाच हवा, निववण्याची भट्टी समजणारा, काच सावकाश थंड करू जाणणारा. सप्टेंबरअखेर पालिकेची बैठक आहे. तोवर दुसरं नाव मिळालं तर पुढच्या वर्षी भट्टी पेटेल, नाही तर कायमची थंड. मग तिथे एक टीव्ही लावणार म्हणे, आणि त्यात माझं काच फुंकणं दिवसभर दाखवणार. म्हणजे मी मेल्यावरही मला सुट्टी नाही.

बाकी गावाचा नुसता थाट चाललाय. हमरस्त्यावर पाटी लागली आहे. काचेचं संग्रहालय, जमीनदाराची हवेली, लाकडी चर्च आणि आपलं भट्टीघर, असे चार बाण. भट्टीघरापुढे "जिवंत प्रात्यक्षिक" असंही लिहिलंय. ताइमी म्हणाली, "जिवंत आहेस तोवर ठीक आहे." तळ्याकाठच्या ज्या काचांनी आपण लहानपणी तळपाय कापून घेतले, त्या आता हेलसिंकीच्या बायका वाकून वाकून वेचतात आणि बरणीत भरून नेतात. काचेचा कारखाना चालू होता तेव्हा हाच उकिरडा म्हणून आरोग्य खात्याची नोटीस आली होती.

आणि ऐक, मी यंदा एक युक्ती काढली आहे. पाहुणे स्वतः नळी फुंकून काचेचा पक्षी करतात आणि तो त्याच संध्याकाळी घरी घेऊन जातात. टपालाची भानगड नाही, वाट बघणं नाही. बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या हातात आपला गरम गरम... म्हणजे आपला ताजा पक्षी. काय खूश असतात म्हणून सांगू! टाळ्या वाजवतात. मला तू माकड म्हणाला होतास. असेन, पण या माकडाचं नाव आता चार गावांत झालंय.

टोमॅटोला पाणी कमी घाल. तुझी मुलगी म्हणते, तू बुडवतोस त्यांना.

तुझा,
एन्सिओ


हल्लायार्वी,
२९ जून

प्रिय आउलिस,

तुझं कार्ड मिळालं. समोर तुर्कूच्या किल्ल्याचं चित्र, मागे तीन शब्द. "भट्टी कधी उघडतोस?" नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. दोन उन्हाळ्यांनंतर तीन शब्द म्हणजे तुझ्या मानाने तू बडबडलासच. उत्तर देतो, पण आधी बातम्या.

मध्यउन्हाळ्याच्या सणाची होळी यंदा तळ्याकाठीच झाली. लाकडं ओली होती, धूर सगळा पाहुण्यांच्या बाजूला. त्यांना वाटलं हीच प्रथा. डोळे पुसत पुसत फोटो काढत होते. नवे बटाटे निघाले, शेपू घालून उकडले, बरोबर खारवलेला मासा. ताइमीने तुझ्या नावाचा एक बटाटा बाजूला काढून ठेवला आणि मग स्वतःच खाल्ला.

आता मोठी बातमी. तुझी नात आली होती! सान्नी. मला आधी काही बोलली नाही, मैत्रिणींबरोबर बाकावर बसून राहिली. मी नेहमीसारखा पाहुण्यांना गंमती सांगत होतो. खोक्याची गोष्ट सांगितली. भट्टीपुढे कुणी कुणाला रागवत नाही; फुंकणाऱ्याच्या हातून माल बिघडला तर जोडीदार तुकडे झाडून खोक्यात भरतो आणि ते खोकं पायाने त्याच्याकडे सरकवतो. एक शब्द बोलत नाही. त्याचा अर्थ, परत वितळव, परत कर. लोकांना ही गोष्ट फार आवडते. एक गृहस्थ म्हणाले, माझ्या ऑफिसात असं खोकं हवं होतं. सगळे हसले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि फुंकणाऱ्याने खोकं परत सरकवलं तर?"

मी म्हटलं, "तसं कुणी करत नाही, बाळ."

ती म्हणाली, "माझे आजोबा म्हणतात, तुम्ही एकदा केलं होतं."

तेव्हा ओळखलं. नाक तुझं आहे तिचं, बिचारीचं. मी तिच्या हातात नळी दिली. आउलिस, तिला कुणी शिकवलंय? पहिल्याच फुंकेला गाल फुगवले नाहीत, पोटातून वारा सोडला. आकाशी रंगाचा पक्षी केला, मान जराशी वाकडी, पण जिवंत. संध्याकाळच्या बसने घेऊन गेली. ताइमीने बुडाला हिरवं नमद्याचं कापड चिकटवून दिलं, टेबलावर चरे पडू नयेत म्हणून. ताइमीचा गोंद तुला माहीत आहे. चर्चचं छप्पर उडेल पण ते कापड निघणार नाही.

जाताना सान्नीने तुझ्या हातमोज्यांना हात लावून पाहिला. काही बोलली नाही. तुमच्या घराण्यात बोलायला पैसे पडतात वाटतं.

हेन्ना परवा विचारत होती, दुसऱ्या माणसाचं काही जमलं का. मी म्हटलं, बघतोय. कुठे बघतोय ते तिने विचारलं नाही.

पानाची जागा संपली.

तुझा,
एन्सिओ


हल्लायार्वी,
२६ जुलै

प्रिय आउलिस,

तुझं दुसरं कार्ड आलं. चित्र तेच, शब्द तेच. दुकानात दुसरी कार्डं मिळत नाहीत का रे? की एकदम गठ्ठा घेऊन ठेवलायस?

आम्ही ठीक आहोत. उन्हाळा चांगला आहे. हवेलीच्या बागेत संध्याकाळी नाटक असतं. त्यात लाउरी जुना जमीनदार झालाय. खोटी दाढी लावून नोकरांवर ओरडतो. आयुष्यभर मालकांच्या शिव्या खाल्ल्या, आता व्याजासकट फेडतोय. बायका म्हणतात, दाढी त्याला शोभते. तो आता घरीही काढत नाही. कॅफेमध्ये वेलदोड्याचे पाव दुपारीच संपतात. संग्रहालयात आपल्या जुन्या पाळीचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात तू कोपऱ्यात भट्टीच्या दाराशी बसला आहेस, तुझ्या त्या तिपाईवर. तुला बघून एक लहान मुलगी आईला म्हणाली, "हे आजोबा कशाची राखण करतायत?"

मी रोज त्या फोटोवरून जातो. हल्ली मागच्या दाराने जातो.

आउलिस, आता सांगतो.

जुलैच्या सुरुवातीला तांपेरेच्या एका मास्तरीणबाईंचं पत्र आलं. पक्षी खिडकीत ठेवला होता, कुणी हात लावला नाही, आणि सकाळी बघतात तर दोन तुकडे. मी त्यांना उलट कळवलं की ऊन लागलं असेल. मग एक फोन आला. मग कॅफेतली मुलगी म्हणाली, तिच्या मावशीचाही फुटला, रिकाम्या खोलीत, आपोआप. मी म्हटलं, मावशीकडे मांजर असेल. मावशीकडे मांजर नाही.

प्रत्येकाला मी काहीतरी सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी मला ठाऊक होतं. आपल्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. वरून धड दिसणारी, पण घाईने निवलेली काच आत ताण धरून बसते. आठवडा जातो, महिना जातो, आणि एक दिवस उगाचच जाते. म्हणूनच संध्याकाळी भरलेली भट्टी सकाळपर्यंत उघडायची नसते. तू ती मालकासाठीही उघडली नव्हतीस. मालक दाराशी पाय आपटत होता आणि तू तिपाईवर बसून भाकरीला लोणी लावत होतास.

तर तुझ्या कार्डाचं उत्तर. बस पाच वाजता सुटते. मी चार वाजता उघडतो.

सकाळी केलेला पक्षी दुपारी चारला. उष्णता पटापट उतरवतो, दार आधी फटभर, मग हातभर. जिच्यावरून तू गेलास, तीच गोष्ट. त्या दिवशी पाहुण्यांची बस खोळंबली होती. मी म्हटलं, उघड. तू म्हणालास, काचेला बसचं वेळापत्रक कळत नाही. मी सगळ्यांदेखत तुला दारवान म्हणालो, लोक हसले, आणि तू गेलास. तू गेल्यावर एक उन्हाळा मी भट्टी सकाळीच उघडत होतो, हट्टाने. तुला खोटं पाडायचं होतं ना, म्हणून तुझ्याच पद्धतीने! पण यंदा वाटलं, सारखं टपाल, सारखी वाट, लोक रिकाम्या हाताने बसमध्ये चढतात, टाळ्या अर्ध्याच पडतात. मला त्या टाळ्यांची चटक लागली, आउलिस. जन्मभर भट्टीपुढे तोंड करून उभा राहिलो, पाठीमागे कुणी आहे हे माहीतच नव्हतं. आता मागे वळलं की चाळीस माणसं माझ्याकडे बघून हसत असतात. ते मला आवडतं. लिहायला लाज वाटते, पण खरंच आवडतं.

काल सकाळी कॉफी पीत बसलो होतो. आमच्या खिडकीत माझा स्वतःचा पक्षी होता, जूनमधला पहिला, चांगला जमला म्हणून विकला नव्हता. ताइमी पावाला लोणी लावत होती. टिंग, एवढाच आवाज झाला. डोकं एका बाजूला, धड एका बाजूला. ताइमीने माझ्याकडे बघितलं, पक्ष्याकडे बघितलं. म्हणाली, "मांजर नाही आपल्याकडे."

सान्नीला सांग, तो पक्षी हातात घेऊ नकोस. उशाशी ठेवू नकोस. कडा फार धारदार असतात. तूच उचल, हातमोजे घालून. तुझे इथे आहेत, पण तिकडे मिळतील.

एन्सिओ


हल्लायार्वी,
१७ ऑगस्ट

प्रिय आउलिस,

कार्ड नाही, काही नाही. बरोबर आहे. विचारायचं होतं ते तू विचारलंस, मी सांगितलं.

आता मी काय केलं ते सांगतो. त्या पत्रानंतरच्या पहिल्याच दिवशी बाकं भरली होती. मी नळी हातात घेतली, आणि काच न उचलता वळलो. म्हटलं, "मंडळी, आज फुंकणार नाही. यंदा या भट्टीघरातून गेलेला एकही पक्षी भरवशाचा नाही. मी बससाठी भट्टी लवकर उघडत होतो. तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल तर हात न लावता कागदात गुंडाळून परत पाठवा. पैसे मिळतील किंवा पुढे धड पक्षी मिळेल."

आणि मग, तुला खरं वाटणार नाही, एकाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. मी ओरडलो, "अहो, कशाला वाजवताय?" त्यावर आणखी वाजवल्या. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

मग मी कागदावर लिहून दाराला चिकटवलं. हेन्ना धावत आली, चेहरा पांढराफटक.

"एन्सिओकाका, हे काढा. हंगाम चालू आहे!"

"नाही काढणार."

"पालिका काय म्हणेल? सप्टेंबरमध्ये बैठक आहे. लोक म्हणतील, ज्याला काच निववता येत नाही त्याच्या हातात भट्टी कशाला?"

"बरोबरच म्हणतील," मी म्हटलं. "मला निववता येत नाही. मला फुंकता येतं. निववणारा तुर्कूला आहे."

तिने त्या हातमोज्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "निदान शुद्धलेखन तरी सुधारा." आणि स्वतःच दुसरा कागद नीट लिहून लावून गेली. वेबसाइटवरही टाकलं, वर्तमानपत्रालाही कळवलं. पोरगी सायकलवरून पडायची, पण रडायची नाही, हे आता आठवलं.

तेव्हापासून रोज पुडकी येतात. काही फुटलेली, काही अजून धड. धड आलेल्यांची जास्त भीती वाटते. ताइमी आणि मी कॅफेच्या मागे बसून बुडाची हिरवी कापडं खरवडतो. कापडाचा धागा किंवा गोंद काचेबरोबर भट्टीत गेला तर नव्या मालात ठिपके पडतात, हे तुला मी काय सांगू. पण ताइमीचा गोंद! सुरी वाकली, नख गेलं, गरम पाण्यात भिजवून झालं. ताइमी म्हणते, "मी चिकटवलेलं सुटत नाही, तू केलेलं टिकत नाही. जोडा छान आहे."

एक म्हातारी परत द्यायला तयार नाही. पुढच्याच गावातली, काठी टेकत आली. मी म्हटलं, आजी, तो कधीही फुटेल. म्हणाली, "मी पण. बघू कोण आधी." आणि पक्षी पिशवीत घालून निघाली. तिला मी लोकरीचं कापड दिलं गुंडाळायला. आणखी काय करणार?

भट्टी मी विझवलेली नाही. रोज थोडं काम करतो, बाकं रिकामी असली तरी. रात्रभर निववतो, सकाळी उघडतो. पण भट्टीशी बसायला माणूस नाही, म्हणून मीच बसतो, तुझ्या तिपाईवर. कंटाळवाणं काम आहे रे! काही घडतच नाही. हात सारखा दाराच्या कडीकडे जातो, जरा बघू या, फटभरच. तू आयुष्यभर हे कसं केलंस? मला वाटायचं, फुंकणारा तो खरा कारागीर आणि दाराशी बसलेला तो निवांत. आपल्या सगळ्या चांगल्या मालावर लोक माझं नाव घेत होते, आणि तो धड राहिला तो तुझ्यामुळे. हे तोंडावर म्हणायला मला जमणार नाही, म्हणून लिहिलं.

सान्नीचा पक्षी अजून आलेला नाही. तो फुटला की नाही, एवढं तरी कळव. नाही कळवलंस तरी चालेल. पण कळव.

एन्सिओ


हल्लायार्वी,
१२ सप्टेंबर

प्रिय आउलिस,

पुडकं मिळालं.

आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. वर तुझ्या अक्षरात माझं नाव, आत बुटांचं खोकं, खोक्यात वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात आकाशी तुकडे. चिठ्ठी नाही. मी तीन वेळा कागद उलटून बघितले. मग खोकं टेबलावर ठेवून ताइमीला म्हटलं, "बघ तुझ्या आउलिसचा स्वभाव. पोरीचा पक्षी फुटला आणि तो माझ्या तोंडावर फेकून मारला. शब्द खर्च करायलाही तयार नाही."

ताइमी हात पुसत आली. एक जाड तुकडा उचलून उजेडात धरला, मग उलटा करून अंगठ्याने बुड चोळलं. परत चोळलं. म्हणाली, "माझं कापड कुठे गेलं?"

बुड स्वच्छ होतं. गोंद नाही, हिरवा धागा नाही. पक्ष्यावर चिकटवलेली भट्टीघराच्या नावाची चिठ्ठीही भिजवून काढलेली. सगळे तुकडे धुतलेले, कोरडे केलेले. बारीकसारीक कणसुद्धा वेगळ्या पुडीत बांधलेले.

ताइमी म्हणाली, "रागावलेला माणूस गोंद खरवडत बसत नाही, एन्सिओ. आणि माझा तर नाहीच."

मी खुर्चीवर बसलो. मग त्या खोक्याकडे बघितलं, आणि तेव्हा डोक्यात शिरलं की तू मला खोकंच सरकवलं आहेस. सगळा उन्हाळा परक्यांना ती गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या, आणि खरं खोकं समोर आलं तेव्हा बायकोला समजावून द्यावं लागलं. ताइमी आत गेली आणि भांडी घासायला लागली, खूप आवाज करत. मला रडू आलं होतं ते तिला दिसलं होतं.

तू गेलास त्या दिवशी तू सरकवलेलं खोकं मी परत ढकललं होतं, सान्नी म्हणाली ते खरं. या वेळी नाही ढकलत.

तुकडे काल भट्टीत घातले. त्यांच्यासाठी वेगळी मूस लावली, दुसरी काच त्यात मिसळू दिली नाही. छान वितळली आहे. आकाशी रंग उजळला आहे, एक ठिपका नाही, एक बुडबुडा नाही. तू धुतलेलं धुतलेलंच असतं. सान्नीला सांग, तिची काच वाट बघते आहे. तिने परत फुंकायचा, मान वाकडीच ठेवायची.

पाहुणे आता गेले. तळ्यावर सकाळी धुकं असतं. लाउरीने अखेर दाढी काढली, तेव्हा कळलं की खाली खरी वाढली होती. हमरस्त्यावरची पाटी मात्र तशीच आहे. हेन्ना काल दोन नावं विचारायला आली. मी दोन्ही सांगितली. तुझं मी तुला न विचारता दिलं आहे. नको असेल तर तिला फोन करून काढायला सांग. फोनवर बोलावं लागेल मात्र, कार्डावर भागणार नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला बोलावत नाहीये. ते खोटं होतं. तेव्हाही बोलावत होतो. आता सरळ लिहितो. ये, आउलिस. मला एकट्याला जमत नाही, आणि मला एकट्याला करायचंही नाही.

शनिवारी तुर्कूची बस दुपारी येते. खोली तयार आहे. ताइमीने माशाचं सूप ठरवलं आहे आणि राईची भाकरी आजच भाजून ठेवली आहे. तुझे हातमोजे मी झटकले, म्हटलं होतं माझं काम नव्हे, पण झटकले. डावा उसवला होता, तो ताइमीने शिवला.

तुला घ्यायला बसथांब्यावर ताइमी येईल. मी येणार नाही, राग मानू नकोस. सकाळचा माल भट्टीत असेल, आणि रविवारच्या सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. तू तुर्कूहून आलास तरी नाही. दार वाजवलंस तरी नाही.

वाट बघत भट्टीच्या दाराशी बसलेला,
तुझा दारवान,
एन्सिओ